दिवा शांत झाला

टाळ खाली ठेवा, बाबांनो. मृदंगावरचा हातही काढा. आज गजर मागून, हिशेब आधी!

पाखरे सरांना काय मिळणार होतं, तेवढं मोजून घेऊ.

एक खुर्ची मिळणार होती. साधी नव्हे, फिरती! पाठीला जाळी, कोपरांना टेकण. टेबलावर घंटी, दाबली की शिपाई पळत येतो ती. दारावर पितळी पाटी: मुख्याध्यापक. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. काल 'ओ सर' म्हणणारे उद्या 'हेडसर' म्हणणार. बायकोला हळदीकुंकवात पहिल्यांदा बोट लागणार... हसता काय माऊली? तुमच्या घरी काय निराळं चालतं? — एवढं सगळं जमेला! आणि खर्चाला काय? एक शब्द गिळायचा. एकच. तीन अक्षरांचा. पाणीसुद्धा लागत नाही गिळायला!

स्वस्तात पडलं की नाही?

तर मंडळी, ऐका. ज्याला खरं ठाऊक नाही तो अडाणी. असू दे, त्याला शिकवता येतं. पण ज्याला खरं ठाऊक आहे आणि तरी जो गोड बोलतो, त्याला काय म्हणायचं? सज्जन? मनमिळाऊ? आत्ता उत्तर देऊ नका. तुमचं उत्तर मला माहीत आहे. लग्नाला स्थळ बघताना हेच बघता तुम्ही: 'मुलगा कुणाला दुखवून बोलत नाही हो!'

कुरणेवाडी नावाचं गाव. द्राक्षाच्या बागा, दूध डेअरी, गल्लीगल्लीत नळ. आणि आडाईचं देऊळ. देवळामागं एक जुना आड. आड म्हणजे विहीरच, पण अंगानं अरुंद. दोन म्हशी शेजारी उभ्या राहिल्या तर तोंड झाकेल एवढा. आणि खोल मात्र असा, की खडा टाकून कान द्यावा तेव्हा कुठं उशिरानं 'डुब' ऐकू यावं. एके काळी सगळं गाव त्याचंच पाणी पीत होतं. नळ आले आणि आडावर फरशी पडली. आत पिंपळाची पानं कुजली, पाखरं मेली, गाळ साचला. आईचं पाणी म्हणायचं आणि आईला झाकण लावून विसरायचं — कलियुगात हे चालायचंच!

पण जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. आडात उतरायचं तर आधी दिवा सोडायचा. शिंकाळ्यात पणती ठेवायची, दोरीनं हळूहळू तळापर्यंत न्यायची. दिवा जगला, तर आडाई 'ये' म्हणते. दिवा गेला, तर आई 'नको' म्हणते. त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. संपलं! वाद नाही, सभा नाही, ठराव नाही.

आता मला सांगा, ही श्रद्धा की विज्ञान?

...का गप्प? ए नवऱ्यामुलासारखा बसलेल्या पोरा, तू सांग! नाही येत? ऐका मग. बंद आडात पाला कुजतो, त्याची जड हवा तळाला बसते. चांगल्या हवेला वर ढकलते. दिसत नाही, कधी वासही येत नाही. आणि दिवा न् माणूस, दोघं एकाच ताटात जेवतात बरं का! ज्या हवेवर वात जळते, तिच्यावरच छाती चालते. ताटातलं दिव्याला पुरलं नाही, तर माणसाला काय पुरणार? म्हणून दिवा आधी पाठवायचा. ज्यांनी रीत घातली त्यांनी पुस्तक पाहिलं नव्हतं, पण मेलेली माणसं पाहिली होती. त्यांनी ते शहाणपण आईच्या ओटीत ठेवलं, म्हणजे पोरंबाळं विसरणार नाहीत.

विसरली नाहीतच! दिवा सोडायचा, हे पाठ राहिलं. कशासाठी, तेवढंच सांडलं.

आणि आपली भाषा! काय गोड भाषा, मंडळी! दिवा विझला म्हणायचं नाही, अशुभ. दिवा शांत झाला म्हणायचं. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, उदंड झाले म्हणायचं. एका घरी सासूबाई सकाळी म्हणाल्या, "तांदूळ उदंड झालेत गं." शहरातली सून. ती आनंदानं म्हणाली, "मग शेजारी देऊन येऊ का थोडे?" — हसा, हसा. पण साप चावला की आपण काय म्हणतो? पान लागलं! एका बापानं पोरगं खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. नवा डॉक्टर, लांबचा. बाप सांगतोय, "साहेब, पोराला पान लागलं." डॉक्टर म्हणतो, "एवढ्या लहान वयात पान? चुना-तंबाखू पण देता का?" बाप म्हणतो, "आवो, लांबडं! लांबडं!" साप हा शब्द तोंडातून निघेना! पोराचा पाय सुजतोय आणि बाप शब्द झाकतोय!

आता हसत नाही कुणी. बरं झालं. पुढं चला.

देवळाला नवा कळस बसायचा होता. कळसाला आडाईच्याच आडाचं पाणी पाहिजे, असं कमिटीनं ठरवलं. कमिटीचे अध्यक्ष बळवंतअण्णा थोरबोले. नाव ऐकलंत ना? माणूस नावाला जागणारा! देवळाचे अध्यक्ष तेच, हायस्कूलच्या संस्थेचेही अध्यक्ष तेच, आणि पुढच्या निवडणुकीत आणखी कशाचे तरी तेच. म्हणजे पाखरे सरांची ती फिरती खुर्ची कुणाच्या हातात? अण्णांच्या! हेडसर निवृत्त झाले होते. जागा रिकामी. संस्थेची सभा पुढच्या आठवड्यात.

आणि अण्णा म्हणाले, "सर, दिवा सोडायचा मान तुमचा."

मान! सर घरी गेले ते जमिनीवरून चाललेच नाहीत.

माणूस वाईट होता का? मुळीच नाही! विज्ञान शिकवायचे. दरवर्षी सातवीच्या वर्गात मेणबत्ती लावायची, वर काचेचा ग्लास उपडा ठेवायचा. ज्योत बारीक होते, मान टाकते. पोरं ओरडतात, "विझली!" सर विचारतात, "का विझली?" पोरं सांगतात. पैकीच्या पैकी! म्हणजे त्या आडाच्या काठी उभ्या असलेल्या माणसांत एक जण असा होता, ज्याला रीतही ठाऊक होती आणि रीत कशासाठी तेही ठाऊक होतं. आई ज्याच्या कानात बोलेल, असा एकच कान होता त्या गावात. आणि तो कान दुसरीकडं लागला होता!

सकाळची वेळ. मांडव, पताका, हलगी, कैताळ. बायका हिरव्या साड्यांत. फरशी सरकवली होती. गाळ काढायला आणि तळातल्या झऱ्याचं पाणी आणायला उतरणार होता शिरपती. गावातला तगडा गडी, विहिरी उपसण्यात हयात गेलेली. कासोटा घट्ट मारून तयार. बायको कोंडाबाई त्याला कुंकू लावत होती, आणि तो तिला चिडवत होता, "जरा जास्त लाव. आईला वाटंल, नवरदेव आलाय!" ती म्हणाली, "नवरदेवाला वर बी याचं असतंय, ध्यानात ठेवा."

पाखरे सरांनी शिंकाळं सोडलं. आडाच्या काठावर वाकले. बाकी कुणाला आतलं दिसत नव्हतं. तोंड अरुंद, मानकरी एकच. दिवा चालला खाली. ओलसर दगड उजळत चालला. पिंपळाची मुळं दिसली. त्याच्या खाली शेवाळाची रेघ. आणि रेघेच्या खाली उतरला मात्र, ज्योत पिवळीची तांबडी झाली, वातीला चिकटली, मान टाकली. काळोख! एक धुराची तार वर आली आणि सरांच्या नाकाला लागली.

सर तसेच वाकलेले. वर्गात हे कितीदा पाहिलेलं! इथं ग्लासाच्या जागी आड होता, एवढाच फरक.

मांडवातून अण्णांनी हाक मारली, "काय सर? आई काय म्हणतीया?"

हलगी थांबली. गाव बघतंय. अण्णांच्या कानाला फोन. कळसाला येणारे बडे पाहुणे फाट्यावर आलेत. आणि सरांनी म्हणायचं काय? 'विझला'? शुभ घडीला? भरल्या मांडवात? बायका पदर तोंडाला लावतील. भटजी मुहूर्त मोडला म्हणतील. पाहुणे परत जातील. अण्णांचं तोंड काळं ठिक्कर पडेल. आणि पुढच्या आठवड्यात... खुर्ची फिरेल की हो! फिरतीच होती ती!

सर सरळ झाले. शिंकाळं वर ओढलं. मेलेल्या वातीवर तळहात धरला, वाऱ्यापासून जपतात तसा! आणि म्हणाले,

"अण्णा... दिवा शांत झाला."

वा रे शब्द! खोटं बोलले का? नाही! आपल्या भाषेत विझलेल्या दिव्याला शांत झाला म्हणतातच. खरं बोलले का? ते तुम्ही सांगा! कारण अण्णा टाळी वाजवून म्हणाले, "शांत झाला? बेस! वारा न्हाई, फडफड न्हाई, आई शांत झाली! वाजवा रं!"

आणि हलगी कडाडली.

इथं थांबा, मंडळी. अजून काही गेलेलं नाही! अजून शिरपती वर आहे, पाय जमिनीवर आहेत. सरांनी हात वर करायला काय लागत होतं? 'अण्णा, तसं नव्हे' — एवढं म्हणायला काय लागत होतं?

शिरपती कंबरेला दोर बांधत त्यांच्याजवळ आला. हलगीच्या आवाजात कानाशी वाकून विचारलं, "सर, दिवा जळतोय न्हवं तळाला?"

सरळ प्रश्न. हो की नाही. आणि विज्ञानाचे सर काय म्हणाले?

"अण्णांना सांगितलंय मी."

सांगितलंय! अण्णांना! आडात अण्णा उतरणार होते का?

कोंडाबाई मागं उभी होती. तिला राहवलं नाही. "शांत म्हंजे कंचा शांत वो सर? शांत तेवतोय, का शांत झाला?"

ऐकलंत? सगळ्या गावात एवढा एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारला गेला! उत्तर द्यायचा अवकाश! पण अण्णा खेकसले, "कोंडे, शुभ येळेला तोंडातनं काय काढतीस? जा, आईफुडं नाक घास!" बायकांनी तिला मागं ओढली. आणि सर? सरांनी घड्याळात पाहिलं. मुहूर्त बघत होते म्हणे!

मनात काय चाललं होतं ते सांगतो. मनात हिशेब चालला होता. हवा हलली असेल. फरशी उघडून बराच वेळ झालाय. शिरपती जुना गडी आहे. कंबरेला दोर आहे. गुदमरला तर हाक मारेल, ओढून घेऊ. — बघा, शिकलेला माणूस स्वतःला फसवताना किती शिकलेलं बोलतो! अडाण्याला एवढी कारणं सुचली नसती हो!

शिरपती उतरला. चार गडी दोर सोडतायत. आतून हाक येते, "सोडा... सोडा अजून..." हलगी जोरात. "सोडा..." मग आवाज जड झाला, दारू प्यालेल्या माणसासारखा. मग काहीतरी म्हणाला. कुणी म्हणतं 'ओढा' म्हणाला, कुणी म्हणतं 'कोंडे' म्हणाला. काय म्हणाला ते हलगीनं खाल्लं. आईच्या नावानं वाजत होती ना!

दोराला हिसका बसला आणि दोर लोंबकळला.

"ओढा!" गडी ओढायला लागले. दोर येईना. पिंपळाच्या मुळात अडकला होता. कोंडाबाईनं बायकांचे हात झटकले, धावत येऊन दोराला लोंबकळली. तिचा भाऊ मारुती, तरणा पोरगा, पायताण काढून काठावर चढला. "दाजीऽऽ! आलो!" आता उडी टाकणार. आणि बरोबर! रक्ताचा माणूस तेच करणार. अशा आडात एकामागून एक जातात ते असेच. पहिला चुकीनं, पुढचे मायेनं!

तेव्हा पाखरे सरांनी त्याची कंबर धरली. दोघं खाली आपटले. हलगीवाल्याचा हात हवेतच थांबला. आणि त्या एकाएकी पडलेल्या शांततेत सर ओरडले. छाती फुटेस्तोवर ओरडले,

"विझला होता! अरे, दिवा विझला होता! कुणी उतरू नका!"

आला शब्द! आला एकदाचा! तीन अक्षरं! मांडवाच्या पार टोकाला ऐकू गेली. आवाज होता की हो माणसाला! घसा बसला नव्हता, जीभ लुळी नव्हती. सगळं होतं, आणि सगळं उशिरा!

मग सरांच्या अंगात आलं. जे वर्गात शिकवलं ते आठवलं. "लिंबाचे डहाळे बांधा दोरीला, आत वरखाली करा! वरून पाणी शिंपडा! बागेतला फवारणीचा ब्लोअर आणा, औषध ओतून टाका, नळी आत सोडा, नुसती हवा मारा!" पोरं पळाली. ब्लोअर आला. हवा गेली आत. मारुतीनं दोर बाजूनं झटकून मुळातून सोडवला. सगळ्या गावानं ओढला. शिरपती वर आला. ओठ निळे, कपाळावर कुंकू तसंच.

सरांनी छाती दाबली, तोंडानं श्वास भरला. मंडळी, नाकारू नका. त्या माणसानं तेव्हा जीव ओतला. आणि शिरपतीनं श्वास घेतला!

वाचला! टाळ्या वाजवायच्यात? वाजवा की!

...नका वाजवू. पुढं ऐका. जीव वाचला, पण तळाला जेवढा वेळ पडून होता तेवढा वेळ मेंदूला हवा नव्हती. डॉक्टर म्हणाले, शरीर आलंय, बाकीचं येईल तेवढं येईल. आलं नाही! चालतो, पण सोडलं तर परत येत नाही. घास दिला तर खातो, नाही दिला तर मागत नाही. कोंडाबाईकडं बघून म्हणतो, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

पोलीस आले. अण्णा म्हणाले, "साहेब, आम्ही अडाणी माणसं. विज्ञानाचे सर काठावर होते. त्यांनी भरल्या मांडवात सांगितलं, दिवा शांत झाला. सगळं गाव साक्षीला आहे." सर म्हणाले, "साहेब, मी शांत झाला असंच सांगितलं. विझल्याला आपल्यात शांतच म्हणतात. अण्णांनी दुसरा अर्थ घेतला." साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. दोन्ही खरं! एका शब्दाला दोन दारं. एकातून अण्णा निघून गेले, दुसऱ्यातून सर! कोंडाबाई मात्र बाहेर उभी राहून विचारत होती, "आणि माझं माणूस कुठल्या दारातनं आणू?"

राग येतोय ना? येऊ द्या! पण अण्णांवर नको, सरांवरही नको. तो सोपा आहे, घरी जाईपर्यंत उतरतो. स्वतःवर आणा! त्या मांडवात म्हातारी माणसं होती. दिवा गेला तर उतरायचं नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं? सातवी झालेली पोरं होती. ग्लासाखालची मेणबत्ती त्यांनी पाहिली नव्हती? कोंडाबाईनं विचारलं तेव्हा कुणी म्हटलं, 'अण्णा, तिला बोलू द्या'? सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणीच बोललं नाही! देवाचं ऐकतो म्हणणाऱ्यांनी देवाचं ऐकलं नाही. आई 'नको' म्हणाली होती. विज्ञान शिकलेल्यांनी विज्ञानाचं ऐकलं नाही. ज्योत 'नको' म्हणाली होती. एकच निरोप दोन तोंडांनी आला, आणि तुम्ही दोन्ही तोंडं दाबलीत!

विज्ञान म्हणजे काय अग्निबाण असतो का? तुमच्या ओट्यापाशी गॅसचा वास येतो, तुम्ही म्हणता 'जरासा येतोय'. म्हाताऱ्याच्या छातीत कळ येते, 'वायू धरलाय'. बायकोच्या अंगावर गाठ लागते, ती म्हणते 'काही नाही हो, अशीच', आणि तुम्ही सुटका झाल्यासारखं 'बरं' म्हणता! बाळाचे जुलाब थांबत नाहीत, 'दात येतायत'. गोड, गोड, गोड! प्रत्येक घरात एक आड आहे, मंडळी, आणि प्रत्येक घरात कुणीतरी काठावर उभा राहून विझलेल्या वातीवर हात धरून सांगतोय, सगळं शांत आहे! जाणणं हे अर्धंच ज्ञान. ज्याच्या तोंडावर सांगायचं त्याच्या तोंडावर, ज्या वेळी सांगायचं त्या वेळी, ज्या शब्दात सांगायचं त्याच शब्दात सांगितलं, तर पुरं. नाहीतर तुमच्या पोरांच्या पदव्या आणि भिंतीवरची फ्रेम यांत फरक काय?

आता हिशेब मिटवू आणि उठू.

कळस बसला. अण्णा निवडून आले. सरांना खुर्ची मिळाली. त्यांचं तोंड मिटलेलं राहावं, ही अण्णांचीच गरज होती. गावानं त्या दिवशीचा प्रसाद संध्याकाळी वाटून घेतला, शिजवलेलं अन्न टाकायचं कसं म्हणून.

आणि दिलं कुणी? अण्णांनी काही नाही. सरांनी काही नाही. गावानं काही नाही. शिरपतीनं एका सकाळी होतं तेवढं सगळं दिलं. राहिलेलं कोंडाबाई देतेय, रोज, घासाघासानं. अजून फिटलेलं नाही.